संत्र्याच्या सालींचं वाण

अमरावतीच्या मामाने ट्रॅव्हल्सच्या डिकीतून संत्र्यांची पेटी पाठवली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं पूर्णिमाचं आजही ठाम मत आहे. आईचं मत वेगळं आहे. पेटी दरवर्षीच येते, पण नववीतली मुलगी घरात एकदाच येते आणि तेवढी पुरते, असं आई म्हणते.

पेटी प्रचंड होती आणि घरात खाणारी तोंडं तीन. नऊ दिवस मोहोडांच्या घरी सकाळी संत्रं, दुपारी संत्रं आणि रात्री, बाबांच्या भाषेत, 'हवापालट म्हणून' संत्र्याचा रस. बाबा आयटीत होते. म्हणजे कंपनी आयटीतली होती. बाबांची देखरेख तिथल्या खुर्च्या, ट्यूबलाइटी आणि कँटीनवर होती. पण अमरावतीला 'आयटीत' एवढंच कळवलेलं होतं. फ्लॅट येरवड्यात. "आम्ही आता येरवड्यात असतो," असं बाबांनी फोनवर सांगितलं की पलीकडचा माणूस दोन सेकंद गप्प व्हायचा आणि मग हलक्या आवाजात विचारायचा, "किती वर्षं?" म्हणून आई सरळ 'नगर रोडला' असं सांगायची.

आईचा खरा प्रश्न मात्र नगर रोडचा नव्हता, दुसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताई रिसबुडांचा होता. गेल्या संक्रांतीला आई या सोसायटीत नवी होती. जिन्यात कुसुमताईंनी विचारलं, "हळदीकुंकवाला येताय ना?" आई आपल्या वऱ्हाडी मोकळेपणाने म्हणाली, "हो ना, येऊनच राहिली मी!" कुसुमताईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "राहायला नको. कुंकू लावून गेलात तरी चालेल."

झालं. अमरावतीला भाजीवाल्याशी अर्धा अर्धा तास गप्पा मारणारी आई त्या दिवसापासून सोसायटीत तीनच शब्द वापरू लागली. हो, नाही आणि छान. वर्षभर ती जिन्यातून अशी जायची-यायची, जणू सगळीकडे फरशी ओली आहे. आणि यंदा तिचं स्वतःचं पहिलं हळदीकुंकू होतं. सव्वीस बायका घरात येणार होत्या. हे नीट पार पडलं तर आई या इमारतीतली होणार होती. नाही पडलं तर तीन शब्दांपैकी 'छान' पण जाणार, हे पूर्णिमाला स्वच्छ दिसत होतं.

सगळं अडलं होतं वाणावर. हळदीकुंकवाला बायकांना काहीतरी वस्तू लुटायची असते, आणि सोसायटीतल्या समस्त बायकांची अक्कल त्या बाबतीत चहाच्या गाळणीशी येऊन थांबली होती. गेल्या वर्षी आईला सहा गाळण्या मिळाल्या. एवढा चहा तर कँटीनमध्येही होत नाही, असं बाबा म्हणाले.

पूर्णिमा नुकतीच आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत 'जागतिकीकरण आणि आपण' या विषयावर बोलून दुसरी आली होती. (पहिल्या नंबरापेक्षा तिचीच ढाल मोठी होती, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ती सगळ्यांना सांगते.) तेव्हापासून देशापुढच्या कुठल्याही प्रश्नावर आपल्याकडे उत्तर आहे, अशी तिची खात्री झाली होती. तिने सालींच्या ढिगाकडे बघितलं, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जाहीर केलं, "आई, यंदा बॉडी स्क्रब लुटायचा!"

बाबा पेपरातून बाहेर आले. "काय लुटायचं?"

"स्क्रब, बाबा! अंगाला लावायचा. घरच्या घरी. एकदम नॅचरल."

"म्हणजे उटणं ना?" आई म्हणाली.

"उटणं काय गं आई! उटणं दिवाळीला लावतात. स्क्रब कधीही लावतात."

हा फरक आईला फारसा पटला नाही, पण सव्वीस गाळण्या विकत आणायची कल्पना त्याहून कमी पटली. ती म्हणाली, "कर मग. पण पूर्णू, माझं हसं नको करू हं." हे शेवटचं वाक्य ती इतक्या हळू म्हणाली, की पूर्णिमाने त्याच क्षणी ही मोहीम राष्ट्रीय महत्त्वाची आहे असं ठरवून टाकलं.

पाककृतीसाठी ती आणि तिची मैत्रीण मिसबा सायबर कॅफेत गेल्या. अर्ध्या तासाचे पंधरा रुपये. त्यातली वीस मिनिटं एक फोटो वरून खाली उतरण्यात गेली. आधी एका परदेशी बाईचं कपाळ आलं, मग भुवया, मग नाक. त्या बाईचे खांदे किती तुकतुकीत आहेत हे कळायच्या आत वीज गेली. हाती लागलं ते एवढंच: ओट्स, ब्राऊन शुगर, संत्र्याची साल.

कोपऱ्यावरच्या बद्रीनाथ किराणावाल्याने ओट्स हा शब्द दोनदा उच्चारून घेतला. "घोडा पाळलाय का घरी?"

"नाही हो काका. बरं, ब्राऊन शुगर आहे?"

बद्रीनाथशेटने तराजू खाली ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि कुजबुजला, "पोरी, हळू बोल. जेल इथून चालत दहा मिनिटांवर आहे. वडील काय करतात तुझे?"

"आयटीत आहेत," पूर्णिमा घाईने म्हणाली आणि त्या दोघी मसूर डाळ घेऊन सटकल्या. ओट्सऐवजी मसूर डाळ आणि तांदूळ, शुगरला रामराम. जागतिकीकरणाचा पहिला नियमच आहे की बाहेरचं घ्यावं आणि घरचं घालावं. धुणीभांड्याला लोणी काळभोरहून येणाऱ्या तुळजाबाईंनी ते सामान बघितलं आणि हनुवटीवर बोट ठेवलं. "आंगाला दाळ लावायची हाय? आन मग आमटी कशाची करता, साबनाची?"

आता सालं वाळवायची होती. त्यासाठी गच्ची हवी, आणि गच्चीची किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव यांच्याकडे. बापूराव सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं.

"वाळवणाचा काळ एक मार्च ते एकतीस मे," ते म्हणाले. "नियम सात, पोटनियम ब."

"पण काका, संत्री जानेवारीत येतात."

"ते तुम्ही संत्र्यांना सांगा."

"काका, पापड-कुरडयांसाठी आहे तो नियम. ही सालं आहेत. सालांबद्दल नियमात काहीच नाही!" इथे तिला वक्तृत्व स्पर्धेचा उपयोग झाला. बापूरावांनी नियमावली काढली, चष्मा पुसला, सालांबद्दल खरंच काही सापडेना म्हणून दुखावले, आणि अर्ज लिहून आणायला सांगितला. अर्जाच्या तीन प्रती. 'हेतू' या रकान्यात पूर्णिमाने लिहिलं, 'अंग घासणे'. बापूरावांनी ते खोडून 'वैयक्तिक स्वच्छता' असं केलं आणि शेरा मारला: 'मंजूर. सालांची राखण अर्जदाराने स्वतः करावी. कबुतरांबाबत सोसायटी जबाबदार राहणार नाही.'

तर शनिवार-रविवार दोघी मैत्रिणी डिश अँटेनाच्या सावलीत बसून सालं राखत होत्या. मिसबाच्या अब्बांचं, मैनुद्दीनचाचांचं, कसबा पेठेत अत्तराचं दुकान. त्यांनी वाणासाठी म्हणून गुलाबपाण्याची मोठी बाटली पाठवली आणि निरोप दिला, "बेटा, याच्यात काही घालू नका आणि याला कशात घालू नका. लावताना ओता, बस." संपूर्ण प्रकरणात मिळालेला हा एकमेव शहाणा सल्ला. तोच ऐकला गेला हे नशीब, त्याचं महत्त्व पुढे कळेल.

हळदीकुंकू दुसऱ्या रविवारी. त्याच्या आदल्या शुक्रवारी सालं, डाळ आणि तांदूळ गिरणीत टाकायचे होते. घरात रिकामा डबा एकच होता. उभा, स्टीलचा, फ्रिजवर बसलेला. दिवाळीत कुसुमताईंकडून फराळाचा आलेला, झाकणावर कोरलेलं: 'सौ. कुसुम रिसबूड'. रिकामा डबा परत करायचा नसतो, आणि काय भरून दिलं म्हणजे कुसुमताई नाक मुरडणार नाहीत, हे आईचं दिवाळीपासून ठरत नव्हतं. पूर्णिमाने तो डबा घेतला. सामान आत, झाकण वर, डबा गिरणीत.

गिरणीवाले सुखदेवभाऊ म्हणाले, "थांब, आत्ताच एक भाजणी काढलीय. त्यात धणे-जिरे होते. तुझ्या पिठाला थोडा वास येईल हां."

"चालेल," पूर्णिमा म्हणाली. शाळेला उशीर होत होता. ती पळाली.

सुखदेवभाऊंचा एक नियम होता. माणसांचे चेहरे लक्षात ठेवायचे नाहीत, डब्यावरची नावं वाचायची. माणसं बदलतात, कोरलेलं नाव बदलत नाही. बावीस वर्षांत या नियमाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. संध्याकाळी रिसबूडकाका आले. सुखदेवभाऊंनी 'रिसबूड' वाचून स्टीलचा डबा त्यांच्या हाती दिला. मग ऑफिसातून परतताना पूर्णिमाचे बाबा आले. एकच डबा उरला होता, गोडेतेलाचा, पत्र्याचा, बिननावाचा. "हा तुमचा," सुखदेवभाऊ म्हणाले. बाबांनी कुठला डबा गेला हे पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी तो आणला, पीठ मोठ्या परातीत काढलं, वर पेपर झाकला आणि पत्र्याचा डबा बाल्कनीत रद्दीजवळ ठेवला. हळदीकुंकवाच्या गडबडीत दागिने कुठे आहेत हे सगळे विचारतात, डबा कुठे आहे हे कुणी विचारत नाही.

रात्री पेपर उचलल्यावर खमंग वास आला. पूर्णिमा थबकली.

"धणे-जिरे," ती म्हणाली. "सुखदेवभाऊ म्हणालेच होते."

"पण संत्र्याचा वास कुठे गेला?" आईने विचारलं.

"उन्हात उडाला असेल."

"तू लावून तरी पाहिलंस का?"

"आई, नॅचरल गोष्टींना टेस्टिंग लागत नाही," असं म्हणून पूर्णिमाने डब्या भरायला घेतल्या. बाबांनी ऑफिसच्या प्रिंटरवर लेबलं काढून आणली होती. त्यावर 'मोहोड्स नॅचरल ऑरेंज बॉडी स्क्रब' आणि खाली एक फूल. फूल आंब्याचं असावं. कॉम्प्युटरमध्ये संत्र्याचं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी बायका आल्या. काळ्या साड्या, तिळगूळ, अत्तरदाणी. मिसबा मदतीला आली होती. आई नव्या साडीत 'हो, हो, छान' करत फिरत होती. कुसुमताई खुर्चीत बसल्या, पण त्यांचा मूड सकाळपासूनच ठीक दिसत नव्हता. वाणाची डबी त्यांनी दोन बोटांत धरली. "हे काय? बॉडी कुणाची?"

पूर्णिमाला एवढंच हवं होतं. ती गालिच्याच्या मधोमध उभी राहिली. "आजच्या धावपळीच्या युगात," तिने सुरुवात केली, आणि त्वचा, प्रदूषण, रसायनं, परदेशी कंपन्या असं करत साडेतीन मिनिटांत भारतीय स्वयंपाकघरापाशी आली. आईच्या चेहऱ्यावर, वर्षभरात पहिल्यांदाच, थोडीशी ऐट आली.

"बोलतेस चांगलं," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि डावा हात पुढे केला. "आता लावून दाखव."

पूर्णिमाने वाटीत पीठ घेतलं, गुलाबपाणी ओतलं, कालवलं आणि कुसुमताईंच्या हातावर गोल गोल चोळायला लागली. खोलीत सव्वीस बायका, बंद खिडक्या, समईची ऊब. वास हळूहळू वर चढला. तिसऱ्या मजल्यावरची श्रद्धा नाकाला सुरकुत्या पाडत म्हणाली, "कुणाकडे थालीपीठ लावलंय?"

सगळ्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. गॅस बंद होता. मग सगळ्यांनी हळूहळू कुसुमताईंच्या हाताकडे बघितलं.

कुसुमताईंनी स्वतःचं मनगट नाकाशी नेलं. मग डबीतलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"बाजरी कमी. धणे जास्त. उडीद खरपूस," त्या म्हणाल्या आणि डोळे उघडले. "ही माझी भाजणी आहे."

पूर्णिमाने हातातल्या वाटीत बघितलं.

"मग," कुसुमताई सावकाश म्हणाल्या, "आज सकाळी आम्ही काय खाल्लं?"

"काकू... डबा कुठला होता?"

"स्टीलचा. माझ्या नावाचा. हेच आणायला गेले होते."

पूर्णिमाच्या डोळ्यांपुढून फ्रिज, गिरणी आणि पत्र्याचा डबा एका रांगेत गेले. "मसूर डाळ," ती पुटपुटली. "तांदूळ. आणि... संत्र्याची सालं."

"आणखी?"

"आणखी काही नाही, देवाशपथ!"

"म्हणजे स्क्रब खाल्ला," कुसुमताई म्हणाल्या. "ह्यांनी तीन थालीपिठं खाल्ली. दह्याबरोबर. 'जरा कडवट आहे, पण रंग छान आलाय' म्हणाले. सकाळपासून ढेकर देतायत ते थेट नागपूरचे. आणि नेलेला डबा पत्र्याचा, आणलेला स्टीलचा, हे त्या माणसाच्या लक्षात यायला नको?"

(ते आलं होतं. पण 'तुमच्या लक्षात कधी काय राहतंय?' हे वाक्य रिसबूडकाकांनी चौतीस वर्षं ऐकलं होतं. त्यामुळे लक्षात राहिलेलं बोलायचं त्यांनी सोडून दिलं होतं.)

कुठूनतरी एक फिस्स आवाज आला. पदर तोंडाला गेले. आणि बापूरावांच्या सौ. गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या विदर्भाकडे भाजणी अंगाला लावतात वाटतं?"

पूर्णिमाने आईकडे बघितलं. आई कुंकवाचा करंडा धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझं हसं नको करू हं. पूर्णिमाला वाटलं, ढाल परत द्यावी, वक्तृत्व सोडावं, मौनव्रत घ्यावं. तिच्या घशाशी हुंदका आला आणि तिने तो दाबायचा प्रयत्न केला. त्याचा आवाज नेमका उचकीसारखा झाला.

त्या आवाजाने काहीतरी झालं. आईने करंडा टेबलावर ठेवला. खाडकन.

"बाप्पा!" आई म्हणाली. "काहून हसून राहिल्या बावा तुम्ही? पोट्टीनं दोन दिवस सालं राखली, कबुतरं हाकलली, तुमच्यासाठी! चूक झाली, डबा बदलला. खून नाही केला तिनं कोणाचा! आणि विदर्भात ना बाई, भाजणी अंगाला नाही लावत. विदर्भात घरी आलेल्या बाईले खाऊ घातल्याशिवाय जाऊ नाही देत!" तिने पदर खोचला. "बसा सगळ्या! कोणी उठून नाही राहायचं. पूर्णू, डब्या गोळा कर. झाकणं काढ. मिसबा, बेटा, तू कांदे चीर. श्रद्धा, तू काय बघून राहिली? कोथिंबीर निवड!"

सव्वीस बायकांच्या मधोमध वर्षभराचं बोलणं एका दमात बाहेर पडलं. पूर्णिमा डब्या गोळा करत फिरली आणि प्रत्येक बाईने निमूट डबी परत केली, अगदी बापूरावांच्या सौंनीसुद्धा. मग गॅस पेटला, तवा चढला. गुलाबपाणी फक्त वाटीत गेलं होतं, मैनुद्दीनचाचांची कृपा. बाकी भाजणी शुद्ध होती. पहिलं थालीपीठ उतरेपर्यंत निम्म्या बायका स्वयंपाकघरात होत्या, एक तिखट जास्त म्हणत होती, एक तीळ कुठायत म्हणत होती, आणि आई सगळ्यांना एकाच वेळी उत्तरं देत होती. तिचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. बाबा दाराबाहेर उभे राहून ऐकत होते आणि त्यांना आत यायचं धाडस होत नव्हतं.

कुसुमताई मात्र खुर्चीतच होत्या. पूर्णिमा त्यांच्यासाठी बशी घेऊन गेली.

कुसुमताईंनी एक घास खाल्ला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडल्या, "अहो मोहोडबाई!"

आई उलथनं घेऊन दारात आली.

"एवढं बोलता येतं तुम्हाला?"

"येते ना," आई म्हणाली. "का?"

"मग वर्षभर 'छान, छान' काय लावलं होतंत? मी म्हटलं, आयटीवाल्यांची बायको, आमच्याशी बोलायला कमीपणा वाटत असेल."

आई बघतच राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. उलथन्यानेच डोळे पुसायला निघाली, तेव्हा श्रद्धाने ते काढून घेतलं.

"आणि भाजणी बरी भाजलीय मी," कुसुमताई स्वतःशीच म्हणाल्या. उरलेलं थालीपीठ त्यांनी शांतपणे संपवलं, उठल्या, मोरीत जाऊन डावा हात धुतला, पुसला. मग दिव्याखाली धरून उलटासुलटा करून बघितला. त्यावरून बोट फिरवलं. शेजारी उजवा हात धरून बघितला. पुन्हा डावा.

"नववीत ना तू?" कुसुमताईंनी विचारलं.

"हो."

"मग अर्धवट काम करायची सवय आत्ताच मोड," असं म्हणून त्या पुन्हा खुर्चीत बसल्या, बांगड्या वर सारल्या आणि उजवा हात पुढे केला.